नांदूरघाटच्या अलीकडे

मी कथा लिहितो. आधी माणसं ठरवायची आणि मग ती कुठल्याही गावात नेऊन बसवायची, ही माझी जुनी खोड. त्या दुपारी केजहून निघालेल्या एसटीत मी पेंगत होतो. पुढच्या बाकावर ऊसतोडीहून परतणारं एक जोडपं होतं. दोघंही पार थकलेली. तो बाटलीतलं पाणी आधी तिला द्यायचा. ती त्याचा हात मांडीवर घेऊन तळव्यात रुतलेलं कुसळ केसातल्या पिनेनं काढत होती आणि तो ओरडला की मोठ्यानं हसत होती.

नांदूरघाट जवळ आलं तशी ती उठली. पदर कपाळापर्यंत ओढून मागे माझ्या बाकावर येऊन बसली. नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

"भांडण झालं का?" मी विचारलं.

"न्हाई वो दादा. गाव आलं," ती म्हणाली. "तिकडं फडात आमी दोघं मिळून एक कोयता असतो. मुकादमबी जोडीला एकच कोयता मोजतो. हितं स्टँडवर सासरा, दीर उभे असतेत. हितं मी नुसती सून हाय."

गावात पोचायच्या आधीच गावानं तिला उठवून दुसरीकडे बसवलं होतं.

बस थांबली. तो मोकळ्या हातानं पुढे गेला. डोक्यावर गाठोडं घेऊन ती बरंच अंतर राखून मागून निघाली. पिन अजून तिच्या मुठीत होती आणि कुसळ त्याच्या तळव्यात.