रिलीव्हर आल्याशिवाय

सन दोन हजार चोवीस, महिना नोव्हेंबर. कार्तिक उतरणीला लागला होता. कर्जतच्या आसपासची भातकापणी उरकत आली होती आणि सकाळी ओटीवर बसताना अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली होती. त्याच सुमारास आमच्या घरातील रक्तदाबाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि त्याबरोबर किस्सेही साचू लागले. ते काही कोणी मुद्दाम जमवीत नाही. प्रकृती विचारायला येणारा प्रत्येक जण एक किस्सा ऐकून जातो आणि एक ठेवून जातो. शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी परत करतो का? तसेच हे.

माझ्या यजमानांना सारे गाव नाना म्हणते. मी काहीच म्हणत नाही. 'अहो' एवढ्या एका शब्दावर आमचा संसार पार पडला आहे. मोहोपाड्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते बॉयलर सांभाळीत. निवृत्तीनंतर त्यांचा रक्तदाब वाढला तो वाढलाच. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, तरी आकडा खाली येईना.

त्यांचे थोरले बंधू याच दुखण्याने गेले. सकाळचा चहा घेता घेता कोसळले, उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि मग वर्षभर अंथरुणावर काढून तेही गेले. त्यांच्या हातून पडून फुटलेल्या कपाचा आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. म्हणून पुढील किस्से मी हसत सांगत असले, तरी ते घडत असताना मी हसत नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

*

बॉयलरवर वाफेच्या दाबाचे एक गोल घड्याळ असते. त्याचा काटा कधी कधी अडकतो. म्हणून आकडा वाचण्यापूर्वी काचेवर बोटाने दोनदा टकटक करायचे, ही यांची जन्माची सवय. घरच्या विजेच्या मीटरवर टकटक. गॅसच्या सिलिंडरवर टकटक. माझ्या औषधाच्या बाटलीवरही टकटक!

डॉक्टरांच्या टेबलावर रक्तदाबाचे नवे डिजिटल यंत्र होते. पट्टा फुगला, आकडे पळू लागले आणि यांनी दुसऱ्या हाताने यंत्राच्या डोक्यावर टकटक केली. यंत्र बंद पडले. पुन्हा लावले, पुन्हा टकटक, पुन्हा बंद!

तेथली नर्स वैतागून म्हणाली, "आजोबा, ते मशीन आहे, दरवाजा नाही!"

"तेच म्हणतोय मी," हे शांतपणे म्हणाले. "दरवाजा खोटं बोलत नाही. मशीन बोलतं."

*

गोळ्यांनी दाब उतरत नसेल, तर पहिली शंका अशी घेतली जाते की रुग्ण गोळ्या घेतच नसावा. डॉक्टरांनी तसे विचारताच यांचा चेहरा उतरला. "माझ्या ड्यूटीत बॉयलरला पाणी कमी पडल्याचं कोणी सांगावं!" एवढेच ते बोलले.

मग मीच खुलासा केला. गोळी मी स्वतः हातावर ठेवते, गिळेपर्यंत समोर उभी राहते आणि नंतर जीभ वर करून दाखवायला सांगते.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग यांना म्हणाले, "नाना, घरी दाब मोजताना काकूंना जरा स्वयंपाकघरात पाठवत जा. फरक पडतो का बघू!"

मी पुढचे आठ दिवस मोजण्याच्या वेळी परसात जाऊन उभी राहिले. फरक पडला नाही. मला वाईट वाटले आणि थोडे बरेही वाटले.

*

मीठ कमी करायला सांगितले होते. मी अर्धवट काही करीत नाही. लोणचे, पापड, सांडगे, सारे माळ्यावर चढवले. त्याच आठवड्यात यांचे कारखान्यातील जुने सोबती गजाननराव मोहोपाड्याहून जेवायला आले. पहिल्याच घासाला थबकले.

"वहिनी, आमटी अगदी हॉस्पिटलसारखी झाली आहे हो!"

"तिथे जायची पाळी येऊ नये, म्हणूनच तशी केली आहे," मी म्हटले.

बिचाऱ्यांनी मुकाट्याने दोनदा भात मागून घेतला. जाताना मात्र यांना म्हणाले, "नान्या, तू लवकर बरा हो रे बाबा. माझ्यासाठी तरी!"

*

शेवटी पनवेलपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नवा उपाय सुचवला. मोठी चिरफाड नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांपर्यंत न्यायची. त्या वाहिन्यांभोवतीच्या नसा शरीराला 'दाब वाढव, दाब वाढव' असे निरोप पाठवीत राहतात. त्यांना आतून उष्णता देऊन शांत करायचे. एक रात्र हॉस्पिटलात राहायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी यायचे.

यांनी लक्षपूर्वक ऐकले. "म्हणजे बॉयलर चांगला आहे. सिग्नलची वायर उगाच बोंबलते आहे. तिला गप्प करायचं."

"अगदी तसंच!" डॉक्टर खूश झाले.

"मग गोळ्या बंद?" मी विचारले.

"तसं वचन देणार नाही, काकू. कदाचित कमी होतील. दाब उतरायलाही काही आठवडे, महिने लागतील. आणि काहींना फारसा उपयोग होतही नाही."

मला हे उत्तर आवडले. जो माणूस औषध देतानाच 'कदाचित' म्हणू शकतो, त्याच्या हाती आपले माणूस द्यायला हरकत नाही.

यांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, मध्येच तुम्हाला चक्कर आली, तर तुमचा रिलीव्हर कोण?"

*

रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. बॉयलरचा नियम असा की रिलीव्हर येऊन काट्याकडे बघून 'घेतला' म्हणेपर्यंत आधीच्या माणसाने जागा सोडायची नाही. मग घरी काहीही असो.

आमच्या मंजिरीचे बारसे होते त्या दिवशी हे सकाळच्या पाळीला गेले ते परतलेच नाहीत. पाळण्यात घालायची वेळ झाली, बायका गाऊन दमल्या, शेवटी आत्याने कानात नाव सांगितले. दिवेलागणीला हे काळवंडलेल्या शर्टाने दारात उभे! पाळण्याशी वाकले आणि सगळ्यांदेखत तिलाच विचारले, "काय गं, नाव काय तुझं?"

गजाननराव हा किस्सा दर वेळी रंगवून सांगतात आणि शेवटी मान खाली घालून जोडतात, "उशिरा आलेला रिलीव्हर मीच होतो, वहिनी."

*

नळीच्या उपायापूर्वी तपासण्या झाल्या. रक्त झाले, लघवी झाली, मूत्रपिंडांच्या वाहिन्यांचा फोटो झाला. मग दिवसरात्र दंडाला बांधून ठेवायचे यंत्र आले. ते ठरावीक वेळाने आपोआप फुगते. रोजची कामे करायची, मात्र पट्टा फुगला की हात खाली सोडून अगदी स्तब्ध राहायचे, अशी सूचना होती.

हे भाजी आणायला बाजारात गेले. ऐन गर्दीत पट्टा फुगला. हे रस्त्याच्या मधोमध पुतळ्यासारखे उभे! पुढून टेंपो, मागून रिक्षा, दोघांचे हॉर्न. हे मान वळवतील तर शपथ!

पळसदरीच्या यमुनाबाई आमच्याकडे दुधाचा रतीब घालतात. त्यांनी लांबून पाहिले आणि ओरडत धावल्या, "अवो नाना! काय झालं वो? हालत का नाय? अरं, बघा रं कुणीतरी! नानांच्या अंगावरनं वारं गेलं!"

चौघांनी यांना अलगद उचलून कांद्याच्या दुकानात पोत्यावर बसवले. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी डोक्यावर पाणी ओतले. पट्ट्यातली हवा उतरली, तेव्हा कुठे यांनी तोंड उघडले.

"झालं. हात हलला नाही ना कोणाकडून?"

यमुनाबाई तशाच माझ्याकडे आल्या आणि ओटीवर मटकन बसल्या. "काकी, म्या घाबरले वो. तुमच्या थोरल्या भावजींचं आठवलं." मग पदराने डोळे पुसून चिडून म्हणाल्या, "त्या डाक्टरला सांगा, मान्साला यंत्र बांदायचं तर पाठीवर पाटी तरी लावा!"

यंत्राने सांगितले की दाब खरोखरीच, दिवसरात्र, वाढलेला आहे. आता हयगय करू नका, असे डॉक्टरांनी बजावले.

*

आणि नेमके येथेच आमचे गाडे अडले.

हॉस्पिटलने तारीख दिली. हे म्हणाले, "त्या आठवड्यात पाण्याची टाकी धुवायची आहे." दुसरी तारीख मिळाली. "नातवाची परीक्षा आहे." नातू पुण्यात शिकतो, त्याच्या परीक्षेशी यांच्या मूत्रपिंडांचा काय संबंध? तिसऱ्या तारखेला यांना यमुनाबाईंच्या म्हशीची काळजी वाटू लागली!

मंजिरी पनवेलला असते. ती फोनवर रडली. "आई, बाबा घाबरलेत. काकांसारखं झालं म्हणजे मग काय करायचं?"

मलाही तेच वाटे. सकाळी हे चहाचा कप उचलीत आणि तो खाली ठेवला जाईपर्यंत मी श्वास धरून असे.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी देवळातून जरा लवकर परतले. पाहते तो ओटीवरच्या खुर्चीत गजाननराव आकाशाकडे तोंड करून बसलेले, सदरा ओलाचिंब. पनवेलहून आलेली मंजिरी त्यांच्यावर ओणवलेली, हातात पाण्याने भरलेली छोटी बाटली. बाजूला हे उभे राहून हुकूम देत आहेत, "वरची पापणी नाही, खालची ओढ. आधी बाटलीवर टकटक कर. हं, आता एकच थेंब!"

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

गजाननरावांनी डोळे मिचकावीत मान वळवली. "काही नाही, वहिनी. मी ट्रेनिंगचा बॉयलर आहे!"

मला काचबिंदू आहे. रोज दिवेलागणीला माझ्या डोळ्यांत औषधाचा थेंब पडावा लागतो, नाहीतर डोळ्यांतला दाब वाढतो. तो थेंब हेच घालतात. माझा स्वतःचा हात कापतो आणि दुसऱ्या कोणाचा हात जवळ आला की माझी पापणी आपोआप मिटते. मंजिरीने पूर्वी एकदा प्रयत्न केला होता. अर्धी बाटली माझ्या कानांत गेली.

"एक संध्याकाळ मी तिथे असणार," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "रिलीव्हर नको तयार करायला?"

टाकी, परीक्षा, म्हैस... आता कुठे मला उलगडा झाला. आत जाऊन चहा टाकला. माळ्यावरून पापड काढले आणि गजाननरावांपुरते दोन भाजले.

चहानंतर मंजिरीने माझ्यावर प्रयोग केला. पापणी मिटली. पुन्हा केला. पुन्हा मिटली.

"मी यांच्याबरोबर हॉस्पिटलात येते," मी म्हटले. "थेंबाचे तिथे बघू. तारीख मात्र उद्याच घ्यायची."

*

तो दिवस उजाडला. डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे हे उपाशी होते. दाबाच्या गोळ्या तेवढ्या घोटभर पाण्याबरोबर घेतल्या. चौक फाट्यावर गजाननराव गाडीत चढले. पुढे कारखान्याची धुराडी दिसू लागली तशी यांनी काच खाली केली आणि बराच वेळ बघितले. "धूर पांढरा आहे," ते म्हणाले. "कोणीतरी नीट आहे तिथं."

हॉस्पिटलात यांना हिरवा झगा घातला. चाकांचा पलंग आत जाऊ लागला तेव्हा यांनी गजाननरावांना हाक मारली आणि नजरेने माझ्याकडे खूण केली.

"घेतला," गजाननराव म्हणाले.

दुपार सरता सरता यांना बाहेर आणले. सारे व्यवस्थित पार पडले, असे डॉक्टर म्हणाले. फक्त पाय सरळ ठेवून, डोके न उचलता, उताणे पडून राहायचे होते. एका हाताला सलाईन, दुसऱ्या दंडाला आपोआप फुगणारा पट्टा. पायथ्याशी मंजिरी आणि गजाननराव, पलीकडे तरुण सिस्टर, शेजारच्या पलंगांवर परके लोक.

खिडकीबाहेर दिवे लागले. यांनी डोळे उघडले. "वेळ झाली ना?"

मंजिरीने बाटली काढली. माझी पापणी मिटली. सिस्टर म्हणाली, "आजी, मी घालते, मला सवय आहे." तिच्या हाताखालीही मिटली.

"बाटली इकडे आण," हे मंजिरीला म्हणाले.

आम्ही दोघे चारचौघांत एका बाकावर बसतानासुद्धा मध्ये पिशवी ठेवतो. मी पदर नीट केला, चष्मा काढून मंजिरीकडे दिला, पलंगाजवळच्या स्टुलावर पाठमोरी बसले आणि मान मागे टाकून डोके यांच्या उशीच्या कडेवर ठेवले.

यांनी पट्ट्याचा हात उचलून बाटली माझ्या डोळ्यावर आणली. नखाने दोनदा टकटक केली. तेवढ्यात पट्टा फुगू लागला. हात तिथेच, हवेत, स्तब्ध झाला. मी डोळा उघडा ठेवून वाट पाहत राहिले.

हवा उतरली. सिस्टरने पडद्याकडे पाहिले आणि आनंदाने म्हणाली, "अरे वा, आजोबा! प्रेशर एकदम छान आलं!"

"ते रीडिंग धरू नका, सिस्टर," हे म्हणाले. "हात वर होता, आकडा कमीच येणार. आधी हिचा थेंब पडू द्या, मग पुन्हा घ्या."

थेंब पडला. माझी पापणी मिटली नाही.