हत्ती की पूर?

आमच्या निजामपुऱ्यातल्या घरात जन्मसाल कुणी आकड्यात सांगत नाही. काका म्हणजे कोयलीची रिफायनरी सुरू झाली त्या वर्षीचा! मग किस्से साठणारच. यंदाचे सगळे आजोबांचे.

*

पणजोबांकडचे म्हणायचे, महाराजांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात हत्ती निघाले, त्या वर्षी आजोबा जन्मले. पणजीच्या माहेरचे म्हणायचे, छे, पुढच्या वर्षी, विश्वामित्रीला महापूर आला तेव्हा! हत्ती खरे असले तर यंदा शंभरी. पूर खरा असला तर नव्व्याण्णव.

काका हॉल बुक करायला निघालेला. आजोबांनी अडवलं. "आधी सिद्ध करा!"

*

काकू लायब्ररीत जाऊन पुराचा जुना फोटो मोबाईलवर घेऊन आली. आनंदानं नुसती नाचत होती! "होडीत बसलीय ना, ती सुईण! घडियाळी पोळेतल्या आपल्या जुन्या घरीच निघालीय!"

आजोबांनी चष्मा लावला. "सुईणीला मिशा आहेत."

*

शेजारच्या हंसाबेन ढोकळा घेऊन आल्या. "दादा, सो होय के नव्वाणु, शुं फेर पडे छे? हॉल बुक करावी दो ने!"

आजोबा उखडले. "नव्व्याण्णववर कुणी बॅट उंचावतं का?"

हंसाबेन ढोकळा ठेवून निघून गेल्या.

*

खरं सांगू? घाई आम्हालाच होती. उन्हाळ्यात आजोबा दोन आठवडे दवाखान्यात होते. काका एकदा म्हणाला, "पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं म्हणजे..." मला तर रडूच आलं.

*

आणि रविवारी पुण्याहून मंदाआत्याचा व्हिडिओ कॉल! ही आजोबांच्या मोठ्या बहिणीची मुलगी.

"अरे, वाद कसला घालताय? आईनं मामाला कडेवर घेऊन ते हत्ती दाखवलेले! मामानं तिचा नवा परकर ओला केला. मरेपर्यंत सांगायची!"

म्हणजे हत्ती निघाले तेव्हा आजोबा कडेवर होते! शंभरी केव्हाच उलटली होती! काकूनं किंकाळी फोडली, काकानं हॉलवाल्याला फोन लावला, हंसाबेन ढोकळ्याची ताटली घेऊनच धावत आल्या, "शुं थयुं, शुं थयुं?"

"फोन ठेव," आजोबा म्हणाले. "पूरच धरा. हॉल पुढच्या वर्षीचा घे."

"अहो, पण आता सिद्ध झालं ना!" काकू म्हणाली.

आजोबांनी ढोकळ्याचा तुकडा तोंडात टाकला.

"नव्व्याण्णववरचा माणूस जपून खेळतो!"