आईच्या मानेतलं गॅडोलिनिअम

आईच्या डाव्या हाताला पोळलेलं कळेनासं झालं, तेव्हा मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. आई हिंजवडीत, आयटीतली मुलं जेवायची त्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. एका संध्याकाळी तिच्या बोटावर मोठा फोड दिसला.

"तव्याले लागलं असंन," ती म्हणाली. "मले तं समजलंच नाही."

डॉक्टरांनी मानेचा एमआरआय सांगितला. मानेत गाठ असेल तर ती नीट दिसावी म्हणून मध्येच एक इंजेक्शन देतात, असंही सांगितलं. त्या औषधाचं नाव वाचून मी थांबले. त्यात गॅडोलिनिअम होतं. सेमिनारसाठी मला तोच धातू मिळाला होता. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी एक, नाव एका शास्त्रज्ञाच्या आडनावावरून पडलेलं. माझ्या टिपणात 'उपयोग' या मथळ्याखाली एमआरआयवर दोन ओळी होत्या. बाकी सगळं इलेक्ट्रॉनांबद्दल होतं.

तपासणीच्या दिवशी आईने घरूनच पदराच्या गाठीत दोऱ्यात ओवलेलं हळकुंड आणलं होतं. मंगळसूत्र काढून बाबांच्या हातात देण्याआधी तिने ते हळकुंड गळ्यात बांधलं. जोडव्यांचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती बोटांत रुतून बसली होती.

"चांदीला चुंबक ओढत नाही," मी तिथल्या टेक्निशियनला हळूच म्हणाले.

"अस्सं? मग चांदी शुद्ध असल्याची सोनाराची पावती आणली असेल आपण," ते म्हणाले आणि त्यांनी नळाकडे बोट दाखवलं.

साबण लावून मी जोडवी काढली. खाली पांढरे वळ होते. डाव्या पायाचं जोडवं काढताना कातडी जरा सोलली गेली. आईने पाय मागेही घेतला नाही. तिथेही तिला कळलं नसेल का, असं मनात आलं, पण न विचारता मी जोडवी कागदाच्या पुडीत बांधली.

संमतीच्या कागदावर सही करायची होती. बाबांनी पेन माझ्याकडे केलं. "तू तं हेच शिकून राह्यली नं? टोचू द्याचं का?"

"सोनं काढा, चांदी काढा म्हणते," आई म्हणाली, "अन् मंग आतून धातूच टोचते?"

मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. हा धातू नुसता दिला तर विषारी असतो. म्हणून तो दुसऱ्या एका रेणूत गुंडाळून देतात, पिशवीत घातल्यासारखा. किडनी ती पिशवी तशीच बाहेर टाकते.

"अन् पिशवी फाटली तं?"

माझ्या दोन ओळींत ते नव्हतं. किडनीची तपासणी नीट आली होती, एवढंच माहीत होतं. "नाही फाटत," मी म्हणाले. माझ्याकडे एकदा बघून आई आत गेली. बाबांनी सही केली. मी बाकावर बसून भिंतीपलीकडची ठकठक ऐकत राहिले. भीती वाटायला हवी होती. मी सेमिनारची सुरुवात मनात म्हणत होते.

फिल्म मिळाली तेव्हा डॉक्टरांनी ती काचेच्या दिव्यावर लावली. मानेत, मज्जारज्जूला चिकटून, एक पांढराशुभ्र ठिपका होता. "ही गाठ. ऑपरेशन करावं लागेल. कसली आहे ते नंतर कळेल." बाबा मान हलवत राहिले. त्या खोलीत मला एकच गोष्ट ओळखता येत होती: तो पांढरा रंग कशामुळे आलाय.

घरी आईने फिल्म खिडकीशी धरली. "ते माह्या आंगात अजूक हाय?"

"नाही. लघवीतून गेलं."

"मंग दिसून कसं राह्यलं?"

"तेव्हा होतं."

ती बराच वेळ बघत राहिली. मग फिल्म पाकिटात घालून माझ्या हातात दिली. "कालेजात ने. तेवढाच उपयोग."

नेली. नावाचा कोपरा कागदाने झाकून मी ती वर्गाच्या खिडकीला लावली आणि उपयोग सांगितला. सर म्हणाले, "छान. हे कुठून मिळवलंत?"

"ओळखीच्या आहेत," मी म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. हे कळल्यावर बाबा रडले. मी जोडव्यांची पुडी शोधत होते. डॉक्टर म्हणाले होते, जीवाला धोका नाही, पण हाताला पुन्हा कळायला लागेल का, ते सांगता येत नाही. मेसवाल्यांनी दुसरी बाई ठेवली. आई घरीच, आमच्यापुरत्या पोळ्या करायची. तवा डाव्या बाजूला येऊ नये म्हणून बाबांनी शेगडी फिरवून ठेवली होती. तरी सवयीने तिचा डावा हात पुढे जायचा.

पावसाळा संपत आला होता. बाबा आणि मी जेवत होतो, आई पोळ्या करत होती. ती एकदम "आई गं" म्हणाली आणि तिने डावा हात तव्यावरून मागे घेतला. बाबांनी उठून गॅस बंद केला. आई बोट तोंडात धरून उभी होती आणि पोळी तव्यावरच राहिली.