उतार पडला

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मराठीच्या सरांनी घरातल्या बोलण्यातला एक शब्द घेऊन त्याचं मूळ शोधायला सांगितलं. मी 'उतार' घेतला. नगरच्या ग्रंथालयातल्या कोशात तो संस्कृत 'उत्तार'वरून आल्याचं सापडलं, म्हणजे पाण्यातून पलीकडे जाणं. आजाऱ्याला उतार पडला म्हणजे तो पार झाला, असं मी वहीत लिहिलं. ते बरोबर होतं की नाही, मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्याच महिन्यात थोरल्या भावाला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला म्हणून मी बेलापूरजवळच्या आमच्या गावी गेलो. तो शाळा सोडून शेतात राबला, म्हणून मी कॉलेजात होतो. घरात थर्मामीटर मला एकट्यालाच वाचता यायचा.

"काय मास्तर, काय म्हनती नळी?" तो रोज विचारायचा.

"एकशे तीन."

"मंग माजे मार्क तुज्यापरीस लई हायेत की!"

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप एकेक पायरीनं खाली यायला हवा. एकदम उतरला तर तडक घेऊन या.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी पारा सत्त्याण्णवच्याही खाली होता. मी ओरडलोच, "आई, उतार पडला!" आईनं देवापुढं साखर ठेवली. शेजारणी जमल्या. आमच्याकडे डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय माणूस बरा झाला असं धरत नाहीत, म्हणून तिनं चुलीवर हंडा चढवला. भावानं त्या दिवशी एकदाही माझी थट्टा केली नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आंघोळीला उठवायला त्याचा हात धरला, तर तो गार आणि ओलसर लागला.

"पोटात लई दुकतंय," तो हळूच म्हणाला. "आईला सांगू नगं. खूश हाय ती."

तेव्हा मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. टेम्पो मिळवून आम्ही श्रीरामपूर गाठलं.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक झालं होतं.

"ताप कधी उतरला?"

"सकाळी सहाला."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा झाले होते.

"मग इतका वेळ काय करत होतात?"

"आतडं फुटलेलं दिसतंय," ते म्हणाले. त्यांनी नर्सला स्ट्रेचर आणायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात आई एका अनोळखी बाईला सांगत होती, "आता काळजी न्हाई बाई. उतार पडलाय. माज्या धाकट्यानं सोता बघितलं." तिला कसं थांबवावं, मला कळेना.