एन्टर मी दाबला नाही

"मावशी, झाडू घेऊनच या," सर म्हणाले.

मी झाडू घेऊन वर्गासमोर उभी राहिले. भिंतीवरच्या पडद्यावर कॉम्प्युटरला द्यायचे हुकूम होते, माझ्याच शब्दांत लिहिलेले. सर ते मोठ्याने वाचू लागले.

"एल एस म्हणजे घरात काय काय हाय ते दाखव. मॅन म्हणजे माहितीचं पान उघड. पानातून बाहेर पडायचं तर क्यू दाब. वा! आता युनिक्स झाडूवाली शिकवणार!"

वर्ग खदखदून हसला.

मी चौथी शिकलेली. वर्ध्याच्या त्या कॉम्प्युटर क्लासात बारा वर्षं झाडलं. नवी पोरं दरसाल तिथेच अडकायची. इंग्रजी माहितीचं पान उघडायची आणि बाहेर पडता यायचं नाही. घाबरून मशीनच बंद करायची. सरांना विचारलं की एकच उत्तर. "पान वाच." खेड्यातल्या पोरांना ते वाचता येत नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

टेबलं पुसता पुसता मी पाहत गेले. काय दाबलं की काय होतं, ते वहीत उतरवत गेले. आंजी गावची वैष्णवी तिसऱ्याच दिवशी रडत क्लास सोडायला निघाली, तेव्हा तिला वही दिली. तिने ती टाइप करून सगळ्यांना उघडता येईल अशा जागी ठेवली. सर सांगायचे ते इंग्रजी पान मग कोणी उघडेना. सरांना राग त्याचा होता.

"हे कोणी टाकलं?" सरांनी वर्गाला विचारलं.

वैष्णवीने मान खाली घातली.

"म्याच सांगतलं तिले," मी म्हणाले.

"मग तुम्हीच मिटवा. आर एम. येतं ना?"

येत होतं. वहीत मीच लिहिलं होतं, आर एमने फेकलेलं परत भेटत नाही. खुर्चीवर बसले. आर. एम. पुढे फाइलचं नाव टाइप केलं. एन्टर राहिला. हात मागे घेतला.

"नाई करत."

"काय?"

"माह्या हातानं नाई. तुमाले मिटवाचं तं तुमी मिटवा."

त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घातला आणि एन्टर मारला. "आता फरशी पुसा."

झाडू त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले. एकानेही हाक मारली नाही. वैष्णवीनेही नाही.

वही माझ्याजवळ आहे. आता घरच्या ओसरीवर शिकवते. पोरं लॅपटॉप घेऊन येतात. त्या दिवशी हसलेलीही येतात. त्यांना आधी विचारते, "तू हासलता का रे?" हो म्हणाला तर बसवते. नाही म्हणाला तर उठवते. हसणाऱ्या सगळ्यांची तोंडं मी पाहिली आहेत. खोटं बोलणाऱ्याला एक अक्षर शिकवणार नाही.