सहा फूट सरकलेला दगड

ती घटना आठवली की आजही मला आधी माझीच लाज वाटते, आणि मग एका मुलीचं कौतुक.

आष्टी भागात पोलिस अधिकारी होतो. शेजाऱ्यानं हद्दीचा दगड सरकवला, अशी एका शेतकऱ्याची तक्रार होती. त्यानं पुलगावची एक खासगी सर्व्हेअर आणून मोजणी करून घेतली होती. सरकारी नकाशाच्या मानानं दगड सहा फूट सरकलेला निघाला. कोर्टाच्या परवानगीनं तपास माझ्याकडे आला. त्यातच खबर मिळाली, की तो शेजारी, एक म्हातारा, सब्बल म्हणजे लोखंडी पहार घेऊन धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, दिसला होता. झालं, मला वाटलं केस संपली.

म्हाताऱ्याला दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसवलं. सब्बल कशाला, विचारलं. रानडुकरांसाठी कुंपणाचे खांब रोवत होतो, म्हणाला. आरोपी असंच काहीतरी सांगतात. मी दरडावलं, मोजणीचं यंत्र खोटं बोलत नाही.

तो शांतपणे म्हणाला, “साहेब, थो दगड माह्या बापानं अन् तक्रारवाल्याच्या बापानं मिळून गाडला. मी त्याले हात काऊन लावू? सत्तर वर्सात मले कोणी चोर नाई म्हटलं.”

दोषारोपपत्र जवळजवळ तयार होतं. फक्त सर्व्हेअरचा जबाब राहिला होता. ती आली, जेमतेम पंचविशीची. मोजणी कशी केली ते सांगू लागली. सॅटेलाइटवरून जागा दाखवणारे दोन रिसीव्हर असतात. एक तिपाईवर स्थिर ठेवायचा, दुसरा काठीवर घेऊन फिरायचं. तिपाईवरचा नेमका कुठे उभा आहे, ते त्याला आधी आकडे भरून सांगावं लागतं. त्यासाठी तिपाई मोजणीच्या सरकारी खुणेवर लावतात, तिचे आकडे ठरलेले असतात. त्या दिवशी खुणेकडे जायला चिखल होता, म्हणून तिनं तिपाई शेतातच लावली आणि ‘सध्याची जागा’ हे बटण दाबलं. इथे ती थांबली.

“साहेब, पुढचं लिहू नका,” ती म्हणाली. “यंत्रानं अंदाजे जागा धरली असेल. मला परत मोजू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांसमोर तिनं आधी तिपाई त्याच जागी आणि यंत्रातले आकडे जुनेच ठेवून शेताचे चारही दगड मोजले. चारही सहा फूट सरकलेले, एकाच दिशेला! म्हातारा काय अख्खं शिवार सरकवणार होता? मग तिपाई खुणेवर नेली, खुणेचे आकडे भरले. चारही दगड जिथल्या तिथे.

कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं जबाबात स्वतःच्या हातानं लिहिलं, चूक माझी आहे. पुढे या भागात तिला काम कोण देणार होतं? पण तिनं तो विचार केला नाही. म्हाताऱ्यापुढे हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, “तुह्याच्यानं चुकलं, तूच दुरुस्त केलं. चाय पिऊन जाजो पोरी.”

नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. चुकीवर पांघरूण घालणारे पायलीला पन्नास भेटले, तिच्यासारखी ती एकटीच. यंत्राला सुरुवातीला चुकीचं सांगितलं की ते पुढचं सगळं ठामपणे चुकीचं सांगतं. माझंही तेच झालं होतं, म्हातारा चोर आहे हे मी आधीच भरून ठेवलं होतं. ती चहा प्यायला बसली. मी मात्र ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली. म्हाताऱ्याला दिवसभर बाकावर बसवणारा मी होतो, आणि त्याची माफी मी आजवर मागितलेली नाही.