तारखेचा रकाना

डिचोलीतल्या खनिजवाहतुकीच्या कचेरीत मी नोकरीला लागले, तेव्हा गोवा राज्य होऊन वर्ष होत आलं होतं. मी पेडण्याची, नार्व्याला मावशीकडे राहून कामावर जायचे. म्हापशात केलेल्या काँप्युटर कोर्सच्या बळावर सव्वाशे ट्रक ड्रायव्हरांची यादी मशीनवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. नाव, गाव, ट्रकचा नंबर आणि लायसन संपण्याची तारीख.

तारखेचा रकाना कसला ठेवायचा हे सुरुवातीलाच ठरवावं लागे : साध्या अक्षरांचा की खास तारखेचा? खास रकान्यात पडद्यावर महिना आधी येई, दिवस मागून. मला ते उलटं वाटलं. मी अक्षरांचा घेतला. रजिस्टरात असतं तसंच, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष.

मे सरत आला होता. हेडक्लार्क म्हणाले, "ज्याचं लायसन आधी संपतं तो वर, अशी यादी काढ बघू." प्रिंटर करकरत चालला, कागद बाहेर आला, आणि मी तो मिरवत त्यांच्या टेबलावर ठेवला. तेवढ्यात सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर दारात आला.

"बाय, माजा लायसन परवा सरता. म्हापशाक जावचा आसा, सुट्टी व्हयी."

मी यादीत वरून शोधू लागले. त्याचं नाव पार शेवटच्या पानावर! दोन डिसेंबरवाला वर, आणि तीस मेवाला हा तळाला.

हेडक्लार्क पोर्तुगीज अमदानीपासून कारकुनी केलेले. ते हसत सुटले. "तुझ्या मशीनाक कॅलेंडर दाखय गो!"

माझे कान तापले. ड्रायव्हरला लगेच सुट्टी मिळाली, पण मी यादीपुढून हलेना. आणि एकदम दिसलं. मशीन डावीकडून एकेक अक्षर लावत होतं. ‘०२’मधलं शून्य आधी, ‘३०’मधलं तीन नंतर. महिना, वर्ष त्याच्या खिजगणतीतच नव्हतं. त्याच्या लेखी ती तारीखच नव्हती, नुसती अक्षरं होती.

नवा रकाना केला, खास तारखेचा. मशीनबरोबर आलेलं पुस्तक चाळताना कळलं की एक ओळ लिहिली की दिवस आधी दिसतो. आत ठेवणं वेगळं, पडद्यावर दाखवणं वेगळं! मी खुर्चीतून उठलेच. हेडक्लार्क रजिस्टर वाचत गेले, मी टाइप करत गेले. एका तारखेला मशीन बीप करून अडलं. एकतीस जून.

"जूनला एकतीस नसतात!" मी ओरडले.

त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि हे अक्षर माझंच."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्म्या तारखा चढल्या, तेवढ्यांची यादी पुन्हा काढून पाहिली. तीस मे सर्वांत वर. मी गंमत म्हणून एका तारखेतून दुसरी वजा केली, तर मधले दिवस अचूक आले. मला हसू आवरेना. हेडक्लार्क खुर्ची ओढून जवळ बसले.

"माझी रिटायर व्हायची तारीख घाल. आजची वजा कर."

आकडा उमटला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"इतकेच दिवस?" ते म्हणाले, "मग हे शिकायला पुरतील. सरक जरा, मला दाखव कुठली बटणं दाबलीस ती."

आणि त्या दुपारी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी उरलेल्या तारखा स्वतः भरल्या.